तुम्ही विचारलंत म्हणून: सॅटेलाइट आहेत, सुपरकॉम्प्युटर आहेत, मग डोंगरावर टॉवर कशाला?

मी डोंगरउतारावरच्या वाऱ्यावर संशोधन करते हे कळलं की पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: आता आकाशात एवढे सॅटेलाइट आहेत, सुपरकॉम्प्युटरवर हवामानाची मॉडेल चालतात, मग अजूनही उतारावर टॉवर उभे करून वारा कशाला मोजता? कोणी कुतूहलाने विचारतं, कोणी पैसे मंजूर करायच्या मीटिंगमध्ये जरा वेगळ्या सुरात विचारतं. प्रश्न रास्तच आहे, पण उभ्या-उभ्या सांगताना नेहमी अर्धंच सांगून होतं, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी सॅटेलाइटचं सांगते. बहुतेक सॅटेलाइट ढग कसे सरकतात ते बघून वरच्या थरातला वारा काढतात. समुद्राचा पृष्ठभाग वाऱ्याने किती खरखरीत झालाय त्यावरून पाण्यालगतचा वाराही काढता येतो, पण जमिनीवर ती सोय नाही. एओलस नावाच्या युरोपीय सॅटेलाइटने 2018 ते 2023 मध्ये लेझरने थेट वारा मोजला, फार मोठं काम होतं ते, पण त्यातलं एकेक माप कित्येक किलोमीटर लांबीच्या पट्ट्याची सरासरी असायचं. आणि मला हवा असतो तो वारा दरीच्या तळापासून पहिल्या काही मीटरमधला. रडार म्हणाल तर समोर डोंगर आला की किरणच अडतो.

आता मॉडेल. जगभराचा अंदाज देणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या मॉडेलचा ग्रिड, म्हणजे हिशोबासाठी जमिनीचे जे चौकोन पाडतात त्यातल्या एकेकाची रुंदी, 9 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे 2 किलोमीटर रुंदीची दरी त्या मॉडेलच्या जगात नसतेच, डोंगर आणि दरी मिळून एक सपाटसा उंचवटा होतो आणि अंदाज त्या उंचवट्याचा येतो. बरं, ग्रिड 1 किलोमीटरचा केला तरी भागत नाही, कारण एखादा आकार मॉडेलला नीट पकडायचा तर त्यावर सहा-आठ ग्रिडपॉइंट तरी पडावे लागतात, शिवाय फार उभा उतार असला की गणितच डळमळायला लागतं म्हणून मॉडेलमध्ये घालायच्या आधी डोंगर मुद्दाम घासून गुळगुळीत करतात.

पण ग्रिड बारीक होत जाईल, कॉम्प्युटर वाढत जातील. माझी खरी काळजी त्याच्या खाली आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

कुठल्याही मॉडेलला जमिनीलगतची प्रत्येक छोटी खळबळ मोजून काढता येत नाही, त्यामुळे जमीन आणि हवा यांच्यात उष्णता, ओलावा आणि वाऱ्याचा जोर यांची किती देवाणघेवाण होते ते ठरावीक सूत्रांनी काढतात. या सूत्रांचा पाया मोनिन आणि ओबुखोव्ह या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1954 मध्ये घातला, आणि त्यातले आकडे मुख्यतः 1968 साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये झालेल्या प्रयोगातून आले. तो प्रयोग कुठे केला होता, तर गव्हाची कापणी झालेल्या एका सपाट, मोकळ्या शेतात. तसंच करायला हवं होतं, साधी परिस्थिती आधी समजून घ्यायची हे शास्त्र म्हणून अगदी बरोबर, आणि सपाट जागी ती सूत्रं सुंदर चालतात. पण आज आल्प्सचा अंदाज काढा नाहीतर हिमालयाचा, जमिनीलगतच्या हवेचा हिशोब अजूनही त्याच सपाट शेताच्या नियमांनी होतो!

यात नेमकं काय चुकतं ते एका रात्रीच्या उतारावर बघा. सूर्य मावळला की उताराची जमीन भराभर गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि त्याच उंचीवर पण उतारापासून लांब असलेली हवा मात्र तेवढी गार झालेली नसते, म्हणजे उतारालगतची हवा शेजारच्या हवेपेक्षा जड, मग ती खाली घसरायला लागते. सपाट जमिनीवर वर जाल तसा वारा वाढत जातो. इथे उलटं, तो सगळ्यात जोरात असतो जमिनीपासून काही मीटरवरच आणि त्याच्या वर कमी होत जातो. प्रान्टल या जर्मन शास्त्रज्ञांनी 1942 मध्येच या वाऱ्याचं फार देखणं गणित मांडलं होतं. आता आपली सूत्रं असं धरून चालतात की तळाच्या थरात ही देवाणघेवाण उंचीनुसार फारशी बदलत नाही, आणि इथे तर त्या पहिल्या काही मीटरमध्येच ती बदलते, वाऱ्याच्या जोराची देवाणघेवाण दिशासुद्धा पालटते. मॉडेलचा सगळ्यात खालचा थरच बऱ्याचदा 10 मीटरवर असतो, म्हणजे मुख्य गोष्ट त्याच्या खालीच घडून जाते.

आणि ही गार हवा खाली जाऊन साठते. ऑस्ट्रियात ग्रुनलोख नावाचा एक खोलगट खड्डा आहे, साधारण 1270 मीटर उंचीवर, तिथे 1932 च्या हिवाळ्यात उणे 52.6 अंश तापमान नोंदलं गेलं. आजूबाजूच्या शिखरांवर एवढी थंडी नसते. अशा खड्ड्यांमध्ये झाडंसुद्धा उलट क्रमाने असतात, वर जंगल आणि तळाला नुसतं गवत. हीच हवा माणसांच्या वस्तीच्या दरीत साठली की चुलीचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर तिच्यात दिवसेंदिवस अडकून राहतो आणि लोक तोच श्वासात घेतात. मॉडेल जेव्हा ही हवा चुकून दुपारी मोकळी करतं तेव्हा तो अंदाज कोणाच्या तरी फुप्फुसांच्या बाबतीत चुकलेला असतो.

डोंगराच्या पलीकडच्या बाजूचा धोका तर आणखी वेगळा. 5 मार्च 1966 ला फुजी पर्वताजवळ एक बोइंग 707 स्वच्छ उजेडात, निरभ्र हवेत तुटून पडलं, 124 माणसं गेली. शिखरावरून आलेल्या वाऱ्याने मागे जी प्रचंड खळबळ केली होती ती डोळ्यांना दिसत नव्हती.

मोजल्याने काय मिळतं हेही सांगायला हवं. 1982-83 मध्ये स्कॉटलंडच्या एका बेटावर आस्करव्हेन नावाच्या 116 मीटरच्या एकट्या टेकडीवर टॉवर लावले, तेव्हा कळलं की माथ्यावर जमिनीलगतचा वारा जवळपास 80 टक्क्यांनी वाढतो. वारा येतो त्या समोरच्या बाजूचा हिशोब मॉडेलना लवकर जमला, मागच्या बाजूने मात्र पुढची कित्येक वर्षं घाम काढला. मग 2017 मध्ये पोर्तुगालच्या पेर्दिगाँव इथे दोन समांतर डोंगररांगांवर 50 च्या आसपास टॉवर आणि दोन डझनाहून जास्त लायडर, म्हणजे लेझरने लांबूनच वारा मोजणारी यंत्रं, लागले. तिथे एका रांगेवर एक पवनचक्की होती, आणि दिसलं असं की तिच्या मागे वाऱ्याचा जो मंद पट्टा पडतो तो रात्रीच्या स्थिर हवेत उताराबरोबर दरीत उतरतो आणि दुपारच्या तापलेल्या हवेत वर उचलला जातो. एकच डोंगर, एकच पवनचक्की, आणि दुपारी वेगळं, रात्री वेगळं. मला हे निकाल अजूनही पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. त्यानंतर आल्प्समध्ये टीमएक्स नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात 2024-25 मध्ये मोठी मोजणी झाली, आणि उतारासाठी वेगळी सूत्रं हवीत की जुन्यांचाच विस्तार करता येईल, यावर आमच्या क्षेत्रात चांगलाच वाद चालू आहे. मी पहिल्या बाजूची आहे, पण तो वाद मोजणीनेच मिटेल.

हल्ली एक प्रश्न वाढलाय: मग एआय हे सगळं शिकून घेणार नाही का? एआयची हवामान मॉडेल खरंच थक्क करणारी आहेत आणि मी ती वापरते. पण त्यातली ग्राफकास्ट, पांगू यांसारखी नावाजलेली मॉडेल शिकली ती ईआरए5 नावाच्या डेटावरून, त्याचा ग्रिड साधारण 31 किलोमीटरचा, आणि त्या डेटात तळाची हवा सपाट जमिनीच्या सूत्रांनीच भरलेली आहे. जी दरी त्या डेटात नव्हतीच तिथला रात्रीचा वारा ते कुठून शिकणार? बारीक ग्रिडवर शिकवायचं काम सुरू झालंय, त्यात मला खूप आशा वाटते, पण त्यांना शिकवायला आणि नंतर तपासायला लागणारे आकडे उतारावरूनच यायला हवेत, आणि तसे टॉवर अख्ख्या जगातल्या डोंगरांवर मिळूनही फार थोडे आहेत, त्यातले बरेचसे आल्प्समध्ये, अँडीज आणि हिमालयात तर अगदीच विरळ.