अण्णांचा दुसरा डोस

जून 2021 मध्ये आमच्या नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिकाने कोरोनाची लस घेतल्यानंतर अंग चुंबकासारखे होऊन त्याला नाणी आणि चमचे चिकटू लागल्याचा दावा केला आणि त्याचा व्हिडिओ घरोघरी पोहोचला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोव्हिशील्डचा पहिला डोस घेतलेला होता. परंतु लशीतून चिप घालून माणसांवर पाळत ठेवण्याचा हा डाव आहे, तेव्हा दुसरा डोस आपण घेणार नाही, असे त्यांनी जाहीर करून टाकले. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने या दाव्याचे खंडन केले होते खरे, पण ज्याच्यावर संशय त्याचाच खुलासा दाखवून काय उपयोग?

अण्णा सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, म्हणून मी परीक्षा त्यांच्याच हाती सोपवली. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत डायल गेजचा मॅग्नेटिक बेस, म्हणजे मोजमापाचे ते उपकरण लोखंडावर घट्ट धरून ठेवणारा चुंबक, होता. पाच रुपयांचे पिवळे नाणे त्याला चिकटेना, घामेजलेल्या दंडावर मात्र ते छान बसले. मग अण्णांनी आपण होऊन दंड पुसला, टाल्कम पावडर चोळली आणि नाणे पुन्हा लावले, तर ते थेट फरशीवर घरंगळले. “पितळ चुंबकाला लागत नाही, हे मला कुणी सांगायला हवं का?” असे म्हणून ते माझ्यावरच डाफरले. चिपचा प्रश्न फास्टॅगने सोडवला. गाडीच्या काचेवरच्या त्या पट्टीत चिप असते, पण बॅटरी नसल्यामुळे नाक्यावरच्या यंत्रासमोर आल्याशिवाय ती कुणाला काहीच कळवत नाही.

खरी भीती वेगळीच निघाली. त्यांचे एक जुने सहकारी लस घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत गेले होते. ती गोष्ट मी उडवून लावली नाही. याच सूत्राच्या लशीचा रक्ताच्या अत्यंत दुर्मीळ गुठळ्यांशी संबंध असू शकतो, असे युरोपच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल 2021 मध्ये म्हटले होते, ते मी त्यांना स्वतःच वाचून दाखवले. दोष लपवणारा माणूस अशा वेळी कटातलाच वाटतो, असे माझे मत आहे. नंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ते एकटेच आत गेले आणि मी बाहेर बसले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

दोन डोसांमधली तेव्हाची चौऱ्याऐंशी दिवसांची मुदत उलटल्यावर त्यांनी दुसरा डोस घेतला. फाइव्ह-जी टॉवरमुळे कोरोना पसरला, यावर मात्र ते अजून ठाम आहेत आणि त्या वादात मी सध्या पडत नाही.