ट्रॅक ०१, कलाकार अज्ञात

कॅसेटमधलं इनले कार्ड म्हणजे घडी घातलेला एवढासा कागद, पण त्यावर सगळ्यांचा मान राखलेला असे: गायक, गीतकार, संगीतकार. २८ एप्रिल २००३ ला ॲपलने अमेरिकेत ९९ सेंटला एकेक गाणं विकायला काढलं आणि गाणी सुटी झाली. दोन गाण्यांसाठी आठ गाण्यांची कॅसेट घ्यायची सक्ती गेली, हे उत्तमच झालं. पण सुट्या गाण्याला कागद कुठला? त्याचं नाव-गाव फाइलच्या पोटातच लिहायचं.

ही सोय आधीपासून होती, तीही अगदी चिंचोळी. एमपीथ्री फाइलच्या शेपटाला १२८ बाइटची चिठ्ठी जोडायची. तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. तीन बाइट खुणेचे, शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, प्रकाराला १. संपली चिठ्ठी. गीतकार-संगीतकारांना खणच नाही.

त्यात आपली लिपी. रोमन अक्षर एका बाइटात मावतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘शुक्रतारा मंद वारा’ बसवून पाहा. ‘शुक्रतारा’ची नऊ चिन्हं, २७ बाइट. पुढची मोकळी जागा एक. उरले दोन, आणि नुसता ‘म’ तीन मागतो. म्हणजे शुक्रतारा उगवतो, पण वाऱ्याच्या जागी एक तुटका चौकोन. संगीतकार ‘श्रीनिवास खळे’ला ३७ बाइट लागतात, गीतकार ‘मंगेश पाडगांवकर’ना ४३. शेऱ्याच्या खणात कोंबायचं म्हटलं तरी खळे बाहेरच, पाडगांवकर अर्धवट.

१९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गायिका गोहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळायला हवं. एमपीथ्रीची चिठ्ठीही शेवटीच. त्यामुळे डाउनलोड अखेरच्या क्षणी तुटलं की गाणं जवळपास पूर्ण वाजे, फक्त निनावी.

सीडीवरून गाणी उतरवणाऱ्यांची गत वेगळी नव्हती. बहुतेक ऑडिओ सीडींवर नावं नसतातच. संगणक प्रत्येक ट्रॅक कितव्या सेकंदाला सुरू होतो ते मोजून एक क्रमांक काढतो आणि तो इंटरनेटवरच्या यादीत शोधतो. यादी भरलेली हौशी लोकांनी. नाट्यगीतांची सीडी कुणी नोंदवलीच नसेल तर ‘ट्रॅक ०१’. योगायोगाने क्रमांक जुळलाच तर अभंगांवर भलत्याच बँडचं नाव. फुकट गाणी वाटणाऱ्या साइटींनी तर अल्बमच्या रकान्यात स्वतःचाच पत्ता ठोकला. चोराने घराला स्वतःची पाटी लावावी तसं.

आता स्ट्रीमिंगमध्ये ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. शब्द आणि चालीच्या रचनेला वेगळा, आयएसडब्ल्यूसी. या दोन्हींची सांगड बसली नाही की गीतकाराची रॉयल्टी अडकते. रकाना रिकामा राहिला की असं होतं.

आपल्या संग्रहापुरतं दुरुस्त करता येतं. एमपीथ्रीटॅग हा विंडोजवर फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्या. सेटिंगमध्ये आयडीथ्रीची २.३ आवृत्ती (तिला ३० बाइटचं बंधन नाही) आणि यूटीएफ-१६ निवडा, २.४ वर गाडीतले जुने प्लेअर अडखळतात. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असं लिहा, नुसतं १, २ नको. नाहीतर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात. एवढं करूनही गाडीच्या पडद्यावर चौकोनच दिसले तर तिथे देवनागरी फाँट नाही; पेनड्राइव्हवरच्या प्रतीत नावं रोमनमध्ये लिहा. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल, तर फाँट आहे पण प्लेअरला अक्षरांची जोडणी येत नाही. त्यावरही तोच उपाय.

संगीतकाराचा रकाना समोरच्या पट्टीत आहे. गीतकाराचा नाही. त्यासाठी गाणं निवडून ऑल्ट आणि टी दाबायचं, नवा रकाना घ्यायचा, त्याला ‘लिरिसिस्ट’ असं रोमनमध्ये नाव द्यायचं आणि पाडगांवकरांना तिथे बसवायचं. बरेचसे प्लेअर तो रकाना दाखवत नाहीत.