आमची वाटचाल : पाकिटापासून मुळापर्यंत

आम्ही दोघे भागीदार, एक खोली, एक ऑटोक्लेव्ह आणि जुना शेकर. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारा रायझोबियम हा जिवाणू वाढवायचा, निर्जंतुक लिग्नाइटच्या म्हणजे तपकिरी कोळशाच्या भुकटीत मिसळायचा आणि कडधान्यांच्या बियाण्याला चोळायला पाकिटं द्यायची, एवढाच धंदा. एका ग्रॅममध्ये जिवंत जिवाणू किती, यापलीकडे गुणवत्तेची व्याख्या नव्हती. मोजणी चांगली आली की माल बाहेर.

पहिली मोठी तक्रार सोयाबीनची. "पाकिटात नुसती काळी माती भरता काय?" असं सरळ तोंडावर ऐकून घेतलं. परत आलेलं पाकीट तपासलं, तर जिवाणू ठणठणीत. मग शेतात गेलो, झाडं ढेकळासकट काढली, मुळं बादलीत धुतली. गाठी होत्या, पण मोजक्या आणि मोहरीएवढ्या. ब्लेडने कापल्या, तर आत फिकट, पांढरट. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल असते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते ऑक्सिजन धरून ठेवतं, नाहीतर हवेतलं नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर निकामी होतं. चौकशी केली तेव्हा पेरणीच्या वेळी युरिया भरपूर पडल्याचं कळलं. आयतं नत्र मिळालं की झाड गाठींवर साखर खर्च करत नाही.

दोष आमचा नाही, म्हणून आम्ही खूश. पण पुढच्या हंगामात, युरिया नसतानाही, एका वाणावर गाठी नीट धरेनात. शेजारच्या वाणावर तेच पाकीट, तीच माती, आणि मुळं गाठींनी लगडलेली. तेव्हा कुठे झाडाकडे बघायला लागलो. इतकी वर्षं जिवाणू विकून हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटते.

मूळ फ्लेव्होनॉइड्स नावाची रसायनं मातीत सोडतं, ती ओळखून जिवाणू नॉड फॅक्टर नावाचा रेणू पाठवतो. तो पकडून ओळखणारी प्रथिनं, म्हणजे ग्राहक (रिसेप्टर), झाडाची असतात. लोटस जापोनिकस या प्रयोगातल्या वनस्पतीत एनएफआर१ आणि एनएफआर५ ही त्यांची जनुकं २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. निरोप पोचला की मुळाच्या पेशीत, केंद्रकाभोवती, कॅल्शियमची पातळी लयीत वर-खाली होऊ लागते, आणि पुढे 'निन' हे जनुक गाठ घडवायला घेतं. 'निन'चा शोध १९९९चा, त्याच वनस्पतीतला. यातला मधला बराचसा मार्ग झाडाने मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीशी असलेल्या कितीतरी जुन्या मैत्रीतून उचललेला आहे. हे वाचल्यापासून मायकोरायझाची पाकिटं मी रायझोबियमच्याच फळीवर ठेवतो, भागीदार हसतो.

आमच्या कोड्याशी जवळचं वाटलं ते सोयाबीनमधलं आरजे२. रोगाला विरोध करणाऱ्या जनुकांच्या कुळातलं हे जनुक ब्रॅडिरायझोबियमच्या, म्हणजे सोयाबीनवर गाठी करणाऱ्या जिवाणूच्या, काही प्रकारांना (स्ट्रेन्सना) आत येऊ देत नाही. आमच्या त्या वाणात नेमकं तेच होतं, असा दावा मी करणार नाही. जनुक तपासायची सोय आमच्याकडे नाही. पण एकच कल्चर, म्हणजे पाकिटातला वाढवलेला जिवाणू, सगळ्या सोयाबीनला चालेल, हे छापणं तेव्हापासून बंद केलं.

आता प्रत्येक कल्चर वेगवेगळ्या वाणांवर कुंड्यांत लावून बघतो. शेजारी एक कुंडी 'गाठी न धरणाऱ्या' सोयाबीनची असते. तिच्यात आरजे१चं बिघडलेलं रूप आहे, म्हणजे नॉड फॅक्टर ओळखणारा ग्राहकच सदोष. ती कुंडी पिवळी पडली आणि बाकीच्या हिरव्या राहिल्या, तर हिरवेपणा हवेतल्या नत्राचा, हे कळतं. कुंडीत नत्र चुकून जास्त पडलं, तर तीही हिरवी राहते आणि आमची चोरी पकडली जाते.

गिऱ्हाइकं मात्र अजून गाठी मोजतात. जास्त गाठी म्हणजे भारी कल्चर, असा समज. गाठी किती होऊ द्यायच्या, यावर झाड स्वतः लगाम ठेवतं. तो लगाम तुटलेल्या रोपांवर गाठींचे घोस येतात आणि रोपं खुरटतात. म्हणून आम्ही मोजणीऐवजी ब्लेड हातात देतो.

सध्या बाकावर एका नव्या वाणाच्या कुंड्या आहेत. सहापैकी चार हिरव्या, दोन पिवळसर. हा निकाल पटत नाही, म्हणून काल पुन्हा पेरलंय.