तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा पोरीला एवढा जाड चष्मा कसा?

एसटीत, लग्नात, अंगणवाडीच्या दारात सगळीकडे हाच प्रश्न. पाठोपाठ उत्तरही तुम्हीच देता: “मोबाईल देत असाल!” तिला चष्मा लागला तेव्हा ती नीट चालतही नव्हती. मोबाईल तिने पाहिलाही नव्हता.

ती ३० आठवड्यांची जन्मली, वजन १३०० ग्रॅम. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात साधारण १६व्या आठवड्यापासून वाढू लागतात आणि पडद्याच्या कडेपर्यंत पोचायला पूर्ण दिवस भरावे लागतात. तिचे भरले नाहीत. पेटीत ऑक्सिजनही लागला. मग त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या. याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, म्हणून तर भीती.

घरी सोडताना कार्डावर लिहिलं होतं, ३० दिवसांच्या आत डोळे तपासा. सासूबाई म्हणाल्या, “सव्वा महिन्याआधी लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही.” त्यांना मी दोष देत नाही, पण मी थांबले नाही. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, तारेच्या चिमट्याने पापण्या उघड्या धरल्या. दुपट्यात गुंडाळलेलं तिचं डोकं मी दोन्ही हातांनी धरलं होतं. ती आधी किंचाळत होती, नंतर आवाजच फुटेना. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत उपचार करावाच लागेल, नाहीतर पडदा सुटेल. लेझर की डोळ्यात इंजेक्शन, ते आत्ताच सांगा. लेझरमध्ये वाहिन्या न पोचलेला कडेचा भाग जाळतात; पुढे उणे नंबर जास्त येऊ शकतो. इंजेक्शनने नंबर त्यामानाने कमी येतो, पण आजार काही महिन्यांनीही उलटू शकतो, म्हणून तपासण्या फार काळ चालतात. आमचं गाव तिथून एसटीने चार तासांवर, ऊसतोड सुरू, घरात दुसरं माणूस नाही. एखादी तपासणी हुकली आणि तेवढ्यात डोळा गेला तर? मी लेझर सांगितलं. यांनी सही केली.

आज नंबर उणे सात आहे, डाव्याला त्याहून जास्त. शिवाय तिरपा नंबर. रात्री वाटतं, इंजेक्शन सांगायला हवं होतं का? मग वाटतं, आरओपी एवढा वाढलेल्या मुलांना लेझर न करताही नंबर येतो, डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यावर मन म्हणतं, पण एवढा आला असता का? याचं उत्तर मला कोणी देऊ शकत नाही.

“गाजर द्या, नंबर उतरेल,” असंही सांगता. सहसा उणे नंबर येतो तो डोळा लांब झाल्यामुळे. हिचं तसं नाही. हिच्या डोळ्याचा पुढचा भागच नीट घडला नाही: बुबुळ जास्त गोल, भिंग जाड. गाजराने ते कसं बदलेल? चष्मा काढून ठेवा, असं तर तिच्यासमोर कृपा करून बोलू नका. डाव्या डोळ्याला स्पष्ट चित्र मिळालं नाही तर मेंदू तो डोळा वापरणंच सोडून देतो. म्हणून उजव्यावर रोज पट्टी लावतो. ती रडते, ओरबाडते, तरी लावतो. पडदाही तपासत राहावा लागणार, कारण अशा डोळ्यात तो मोठेपणीही सुटू शकतो.

आणि तुमच्या घरात, शेजारी कोणी ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा जन्मताना दोन किलोहून कमी वजनाचं बाळ असेल, तर मला चष्म्याचं विचारण्याआधी त्यांना विचारा: डोळे तपासले का?