नारोशंकराची घंटा इंग्लंडच्या मनोऱ्यात

घरात माझा आवाज चढला की आजी म्हणायची, "आली नारोशंकराची घंटा!" नाशिककरांना ही उपमा नवी नाही. गोदाकाठच्या त्या देवळाच्या दारावर टांगलेली घंटा मुळात चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्यानंतर ती इकडे आली. तिच्यावर साल आहे १७२१. हे सगळं शाळेत असताना ऐकलं होतं आणि विसरलेही होते. आठवलं ते ग्लॉस्टरशरमधल्या एका गावात, चर्चच्या मनोऱ्यात दोर हातात आल्यावर.

नोकरीनिमित्त मी त्या गावात राहायला गेले आणि महिनाभरातच, सप्टेंबर २०२२ मध्ये, राणी एलिझाबेथ गेल्या. त्या दिवसांत मनोऱ्यातून येणारा आवाज विचित्र होता, उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, लोलकाला चामड्याच्या गाद्या बांधतात. एरवीच्या दुखवट्याला एकाच बाजूने, म्हणजे एक ठोका खणखणीत आणि पुढचा त्याच्या सावलीसारखा. राणी गेल्यावर दोन्ही बाजूंनी. पुढे काही आठवड्यांनी चर्चच्या फाटकावर कागद लागला: मे महिन्यात राजाचा राज्याभिषेक आहे, घंटा वाजवायला माणसं कमी पडताहेत, शिकायला या. अशी मोहीम तेव्हा देशभर सुरू होती. ख्रिस्ती असण्याची अट नव्हती, संगीत येण्याचीही नव्हती. मी गेले.

त्रेचाळीस दगडी पायऱ्या, गोल गोल, अंधाऱ्या. वर एक खोली आणि छतातल्या भोकांतून लोंबणारे सहा दोर. घंटा दिसतच नाहीत, त्या आणखी वरच्या मजल्यावर. माझ्या डोक्यात घंटा म्हणजे देवळात शिरताना हात उंचावून एक टोल द्यायचा, झालं. इथे पहिले दोन महिने मला एकटीला दोर धरू दिला नाही.

कारण असं. इंग्लंडमधली ही घंटा लाकडी चाकाला जखडलेली असते आणि वाजवण्याआधी ती उलटी, तोंड वर करून उभी केलेली असते. दोर ओढला की ती तोल सोडून खाली कोसळते, पूर्ण वर्तुळ फिरते, एकदाच वाजते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तोंड वर करून थांबते. पुढचा ओढा तिला उलट दिशेने परत आणतो. आमची सर्वांत जड घंटा, जिला टेनर म्हणतात, ती १२ हंड्रेडवेटची, म्हणजे ६०० किलोंच्या वर. ती आपल्या जोरावर कुणी ओढत नाही. तिला फक्त तोलावरून ढकलायचं, बाकी काम तिचं वजन करतं. दोरावर एका जागी लोकरीची जाड, पट्ट्यापट्ट्यांची मूठ विणलेली असते, ती सॅली. सॅली ओढायची, वेळेवर सोडायची, दोर वर जातो, टोक हातात राहतं. मग टोक ओढायचं की सॅली खाली येते, ती पकडायची. लिहायला चार ओळी. माझे हात ते शिकायला नाताळ उजाडला.

आमच्या टॉवर कॅप्टन, म्हणजे मनोऱ्यातल्या वादकांच्या प्रमुख, निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या. माझ्या शेजारी उभ्या राहून त्या एकच वाक्य म्हणायच्या, "सोड, सोड, ती कुठे पळून जात नाही." मी सोडत नव्हते. विहिरीवर पोहरा ओढणाऱ्या घरातली मी, दोर म्हटला की खेचायचा. जानेवारीत एका बुधवारी मी इतक्या जोरात खेचला की घंटा वर जाऊन थांबलीच नाही. तिला अडवायला अॅश लाकडाची एक दांडी असते, स्टे. तो कडाड्‌कन मोडला, घंटा पलीकडे उलटली आणि दोर साप उसळावा तसा छताकडे गेला. "सोड!" या वेळी ओरडल्या त्या, आणि मी सोडला. नसता सोडला तर मीही वर गेले असते. स्टे मुद्दाम मोडेल असाच करतात, म्हणजे चौकट आणि घंटा वाचते. हे ज्ञान मला जिन्यावर बसून, कापऱ्या हातात चहाचा कप धरून मिळालं.

खोलीच्या भिंतीवर रंगवलेली जुनी पाटी आहे, अशा पाट्या तिकडच्या कित्येक मनोऱ्यांत सापडतात. यमक जुळवलेले नियम: टोपी घालून वा टाचेला घोड्याची काटेरी आर लावून वाजवाल तर दंड, घंटा उलटवाल तर सहा पेन्स. सगळ्यांनी हसत माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुढच्या बुधवारी केक नेला. पूर्वी दंडाच्या पैशातून बिअर यायची. एकोणिसाव्या शतकात पाद्र्यांना या मंडळींचा इतका वैताग आला की त्यांनी मनोऱ्यांची साफसफाईच काढली: दारू बंद, शिवीगाळ बंद, आणि ज्यांच्यासाठी घंटा वाजवता त्या प्रार्थनेला येऊन बसा. वाजवणारे घंटा वाजवून थेट गुत्त्यात जात, ही जुनी तक्रार. आमचे लोक आजही बुधवारी नऊ वाजता पबमध्येच जातात, एवढंच सांगते.

स्टे बदलायला मला मुद्दाम वर नेलं. तेव्हा घंटा पहिल्यांदा जवळून पाहिल्या. चार जुन्या, ग्लॉस्टरच्या रुडॉल घराण्याने ओतलेल्या. या घराण्याच्या ओतशाळेत १६८४ पासून दीडशे वर्षं घंटा झाल्या. एकीवर "शांतता आणि सुशेजार" अशा अर्थाचे उठावाचे शब्द, आणि ओतणाऱ्या एब्राहम रुडॉलच्या आद्याक्षरांमध्ये चिमुकली घंटा. माझ्या नारोशंकराच्या घंटेच्याच पिढीतल्या या बायका. हो, बायका. घंटेला इथेही "ती"च म्हणतात. उरलेल्या दोन घंटा लफबरोच्या टेलर ओतशाळेतल्या, बऱ्याच नंतरच्या. मी कॉलेजला पुण्यात होते म्हटल्यावर कॅप्टनबाईंनी डव्हची सूची उघडली, जगभरातल्या अशा घंटांची नोंद असलेली, आणि पुण्यावर बोट ठेवलं: होली नेम चर्च, आठ घंटा, टेलर, १८९३. म्हणजे आपलं पंचहौद! १८९० साली टिळक-रानडे जिथे चहा प्यायले आणि पुण्यात ग्रामण्य झालं, तेच मिशन. चर्चपासून सुटा उभा असलेला तो उंच मनोरा मी चार वर्षं येता-जाता बघितला होता. त्यात चाकांवर फिरणाऱ्या आठ घंटा आहेत हे मला लफबरोच्या वाटेने कळायचं होतं.

दोर हातात बसल्यावर "राउंड्स": सर्वांत हलकी, ट्रेबल, पहिली, मग क्रमाने टेनरपर्यंत. आणि मग खरी मजा. इतकी जड घंटा मनाला येईल तेव्हा वाजत नाही. थोडी जास्त वर जाऊ दिली तर किंचित उशीर होतो, लवकर ओढली तर किंचित घाई. त्यामुळे एका फेरीतून दुसऱ्या फेरीत ती फार तर एक जागा पुढे-मागे सरकू शकते. चाल वाजवणं शक्यच नाही. म्हणून या लोकांनी चालीचा नाद सोडून क्रमच बदलत नेले. पाच घंटांचे १२० क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५०४०, आठांचे ४०,३२०. सगळे क्रम होईपर्यंत एकही पुन्हा येऊ द्यायचा नाही, समोर कागद ठेवायचा नाही. फेबियन स्टेडमनने १६७७ मध्ये याच्या पद्धती छापल्या. नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्टमध्ये १७१५ साली ५०४० क्रमांचा पहिला पूर्ण पील, म्हणजे न थांबता वाजवलेली इतकी लांब मालिका, वाजला, असं मानतात. त्याला तीनेक तास लागतात. आठांचे सगळे ४०,३२० क्रम लफबरोच्या ओतशाळेत १९६३ मध्ये आठ जणांनी, माणूस न बदलता, १७ तास ५८ मिनिटांत वाजवले. कॅप्टनबाई हे सांगताना आवाज खाली आणतात, आपल्याकडे पखवाजियाच्या रियाजाच्या गोष्टी सांगताना आणतात तसा.

आमच्या भिंतीवरही पीलच्या लाकडी पाट्या आहेत, सोनेरी अक्षरांत. जुन्या पाट्यांवर सगळे पुरुष. एका स्त्रीने पहिला पील वाजवला १८९६ मध्ये. स्त्रियांचं स्वतंत्र मंडळ १९१२ ला निघालं. पाट्यांमध्ये एक मोठी फट आहे. जून १९४० पासून घंटांवर बंदीच होती, वाजल्या तर शत्रू उतरला असं समजायचं. एल अलामेनच्या विजयासाठी नोव्हेंबर १९४२ मध्ये त्या तेवढ्यापुरत्या वाजल्या आणि १९४३ मध्ये बंदी उठली.

६ मे २०२३ ला पाऊस होता. मी ट्रेबलवर, फक्त राउंड्स आणि सांगून केलेले सोपे बदल. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "इंग्रजांच्या राजासाठी तू घंटा बडवणार? आणि पगार?" पगार नव्हता.

त्यानंतर लक्ष्य ठेवलं क्वार्टर पील, १२६० क्रम, सुमारे पाऊण तास न थांबता. माझी ट्रेबल, तिची वाट सोपी: एकेक जागा मागे शेवटापर्यंत, तशीच पुढे. पहिला प्रयत्न सप्टेंबरात. अर्ध्या तासाने मी समोरच्या दोरांकडे बघायचं सोडून मनात आकडे मोजायला लागले. कुणाच्या मागे जायचं तेच हरवलं, दोन घंटा एकत्र आदळल्या, मग तिसरी, आणि भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडावं तसा आवाज गावभर. "स्टँड," कॅप्टनबाई म्हणाल्या. सहाही घंटा थांबल्या. कुणी मला काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

दुसरा प्रयत्न नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिरविवारी. पहिल्या महायुद्धात सुमारे १४०० घंटावादक मारले गेले, त्यांतले दोघे आमच्या खोलीतले. त्यांची नावं दाराशेजारी आहेत. लोलकाला एका बाजूने गाद्या बांधलेल्या. एक फेरी स्पष्ट, पुढची लांबून आल्यासारखी. त्या दबलेल्या फेरीत मोजायला काही हाती लागत नव्हतं. डोळे दोरांवरच ठेवावे लागले, आणि कुणाच्या मागे जायचं ते दिसू लागलं. पाऊण तासात हाताला फोड आले. "दॅट्स ऑल", म्हणजे क्रम पुरे झाले, हे ऐकू आल्यावर मला आधी वाटलं, पुन्हा काहीतरी चुकलं.

रात्री ऑनलाइन नोंद झाली: क्रम १२६०, वेळ ४४ मिनिटं, ट्रेबलसमोर माझं नाव, खाली "हिचा पहिलाच क्वार्टर". आडनावातला एक स्वर गळालाय. बुधवारी दुरुस्त करून घेते.