वीस लिटर आले कुठून?

जुलैतली गोष्ट. कोकणातल्या एका एमआयडीसीत छोट्या सॉल्व्हंट ब्लेंडिंग (द्रावकं मिसळून विकणाऱ्या) युनिटमध्ये मी क्वालिटीला होते. टेबलावर पार्टीची, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाची, तक्रार येऊन पडली होती, ड्रममागे दीड किलो माल कमी. आणि टाकीमागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, स्टोअरवाल्याला 20 लिटरचा एक भरलेला कारबॉय (मोठा कॅन) सापडला होता. कुठल्याच रजिस्टरला त्याची नोंद नव्हती.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी निघाल्यावर कोणीही जे म्हणेल तेच सगळे म्हणाले. ऑपरेटर काका माल मारतात.

माल अगदी साधा होता. धातूचे भाग पुसायला लागणारं मिश्रण, 1000 लिटर अ‍ॅसिटोन आणि 1000 लिटर हेक्झेन, दोन्ही फ्लोमीटरवर मोजून टाकीत. सकाळी बॅच लावायची, दुसऱ्या दिवशी दुपारी दहा ड्रम भरायचे, ड्रमला 200 लिटर. हिशोब इतका सोपा की तो कोणी कधी तपासलाच नव्हता.

काकांना ऑफिसात बोलावलं. विचारायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात निकाल देऊन बसले होते. काका बावीस वर्षांचे जुने, माझ्या वडिलांच्या वयाचे.

"काका, कारबॉय कुठला?"

"टाकीतलाच. दहा ड्रम भरून उरतो, मॅडम. दर बॅचला उरतो. ओतून थोडाच द्यायचा? पुढच्या बॅचमध्ये टाकतो, नवा माल तेवढा कमी घेतो."

"हजार आणि हजार दोन हजारच होतात ना काका?"

"टाकल्याबरोबर पट्टी बुडवून डीप घेतली तर दोन हजारचीच येते. रात्री वाढतो."

साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण काकांनी ते ज्या सुरात सांगितलं त्यात चोरी पचवणाऱ्याची सफाई नव्हती. "रात्री वाढतो" अशी थाप कोण मारेल? थाप मारायची तर माणूस बरी मारतो.

दुसरा संशय जास्त वाईट होता. अ‍ॅसिटोन काढून घ्यायचं आणि हलकं हेक्झेन जास्त घालायचं. मी नमुन्याची घनता (लिटरमागे किलो) काढली. 25 अंशाला आमचं अ‍ॅसिटोन 0.785, हेक्झेन 0.655, म्हणजे निम्मं-निम्मं धरून 0.720 यायला हवी. आली 0.712. पार्टीचं म्हणणं खरं होतं आणि काकांवरचा संशयही पक्का होत चालला होता.

दुपारी जेवायच्या आधी, नुसतं खात्री करायला म्हणून, मी लॅबमध्ये स्वतःच्या हाताने मिश्रण केलं. 50 मिलीच्या पिपेटने अ‍ॅसिटोन, तसंच 50 मिली हेक्झेन, 100 मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये, म्हणजे मानेवर नेमक्या 100 मिलीची खूण असलेल्या. बूच लावून हलवलं. फ्लास्क हाताला गार लागला, आणि बघता बघता काचेवर बाहेरून दव धरलं. पातळी खुणेच्या अगदी आसपास. झालं, म्हटलं, 100 म्हणजे 100. काका गेले.

डबा खाऊन परत आले तर फ्लास्क कोरडा झाला होता आणि आतली पातळी मानेत खुणेच्या वर चढून बसली होती. बोटाच्या नखाएवढी. फ्लास्कला बूच होतं, लॅबला मी कुलूप लावून गेले होते. त्यात भर घालायला काका आले नव्हते.

कॉलेजात आम्ही सगळ्यांनी अल्कोहोल आणि पाणी 50-50 मिसळून 100 ऐवजी 96च्या आसपास कसं भरतं ते पाहिलेलं असतं. मिसळल्यावर आक्रसतं, एवढंच डोक्यात बसलेलं. फुगतंही, हे एमएस्सीला वाचलं होतं. बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन सम-मोल, म्हणजे रेणूंची संख्या सारखी ठेवून, मिसळलं तर 25 अंशाला मोलमागे (साधारण 100 मिलीमागे) 0.65 घन सेंटिमीटर वाढ. परीक्षेत लिहिलं, मार्क घेतले, विसरले. अ‍ॅसिटोनचे रेणू ध्रुवीय (एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला ऋण भार), एकमेकांना धरून असतात. हेक्झेन मध्ये घुसून ती पकड सोडवतं आणि बदल्यात स्वतः काहीच धरत नाही. पकड सोडवायला लागणारी ऊर्जा द्रवाच्याच उष्णतेतून जाते म्हणून तो गार पडतो. रेणू सैल बसतात म्हणून आकारमान साधारण एक टक्का वाढतं. (अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्मचं उलट, ते एकमेकांना धरतात आणि मिश्रण तापतं. पण अल्कलीचा अंश असला तर ते भडकतं, गंमत म्हणून कोणी करू नये.)

खरी मेख गारव्यात होती. आमची टाकी 26 अंशांवरून 18 वर यायची. द्रव आठ अंश गार झाला की एक टक्क्याच्या जवळपास आक्रसतो. म्हणजे फुगणं आणि आक्रसणं नेमकं एकमेकांना झाकायचं, आणि डीप साळसूदपणे दोन हजार दाखवायची. दुसऱ्या दुपारपर्यंत माल हवेच्या तापमानाला आला की डीपच्या पट्टीवर सेंटिमीटरभर चढलेला. तेच ते वीस लिटर. काकांचं "रात्री वाढतो" शब्दशः खरं होतं.

संध्याकाळी त्या बॅचचे दहाही ड्रम काट्यावर चढवले. प्रत्येकी निव्वळ 142 किलोच्या वर थोडं, 144 नाही. ड्रम आणि कारबॉय मिळून बेरीज केली तर घातलेला 1440 किलो माल जवळपास पुरा भरला. किलो कुठेच गेले नव्हते. लिटर तेवढे वाढले होते, आणि आम्ही विकत होतो लिटरवर.

साहेबांना पटवायला फ्लास्क परत एकदा करून दाखवावा लागला. पार्टीला पत्र गेलं, बॅच कार्डवर लिटर खोडून किलो आले. अकाउंट्सला आठवडाभर वैताग झाला, त्याला इलाज नव्हता.

मी शेडमध्ये काकांची माफी मागायला गेले. ते नव्या बॅचच्या टाकीवर तळवा टेकवून उभे होते. टाकीला माठासारखा घाम फुटला होता.

"हिला घाम सुटला की समजायचं, मिसळलं," ते म्हणाले. "स्टररचा पट्टा एकदा तुटला होता, तेव्हा नव्हता सुटला."

मी चाचरत माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ते राहू द्या. स्टोअरवाल्याने नेलेला तो कारबॉय तेवढा परत आणून द्या. दुसरा फुटकाय."