आमची वाटचाल : पिल्लं येण्याआधीची तयारी

कोंबडीची एक दिवसाची पिल्लं पुरवण्यापासून आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. पुढे ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी जागा), चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं कुंपण), खाद्य-पाण्याची भांडी हेही देऊ लागलो. आता पहिल्यांदाच पिल्लं घेणाऱ्यांची तयारी करून घेणं हे आमचं मोठं काम झालं आहे. पहिल्या आठवड्यातली बरीचशी मर थंडी, तहान आणि ओल यांमुळे होते आणि या तिन्ही गोष्टी पिल्लं येण्याआधी हातात असतात. म्हणून आमच्याकडे आधी ब्रूडर तयार होतो, मग पिल्लांची तारीख ठरते.

शेड धुऊन, चुना मारून पूर्ण वाळू द्यायची. जमिनीवर दोन ते तीन इंच कोरडं भाताचं तूस पसरायचं. बारीक भुसा नको, पिल्लं तो खाद्य समजून टिपतात. नुसता गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागदही नको; त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू उभंच राहू शकत नाही. शंभर पिल्लांना सुरुवातीला सहा फूट व्यासाचं, दीड फूट उंचीचं गोल चिक गार्ड पुरतं. गोलच हवं, कारण कोपरा मिळाला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रिंगण वाढवत न्यायचं.

उष्णतेसाठी दर पिल्लामागे एक ते दोन वॅट धरतात. एलईडी दिव्याचा इथे उपयोग नाही, त्यातून पुरेशी ऊब मिळत नाही. एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बरे. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. बल्ब वायरवर लोंबकळत न ठेवता साखळीने पक्का टांगायचा, नाहीतर तो तुसावर पडून आग लागते. वीज गेल्यावर शेगडी पेटवणार असाल, तर शेडच्या बाजूच्या पडद्याची वरची बाजू उघडी हवी. कोंडलेल्या जागेत कोळशाचा धूर पिल्लांना आणि माणसालाही मारतो.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवसापासून ब्रूडर चालू ठेवायचा, म्हणजे तूसही गरम होतं. गरम हवेत थंड तुसावर उभं राहिलेलं पिल्लू पायांतून गारठतं. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर लावायचा. पहिल्या आठवड्यात तिथे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस हवेत, नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करायचे. तरीही शेवटचा शब्द पिल्लांचा. बल्बखाली गर्दी असेल तर थंडी आहे, चोची उघड्या ठेवून कडेला पसरली तर उकाडा, सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून झोत येतोय. समान पसरून, खात-पीत, हलका चिवचिवाट करत असतील तर बल्बला हात लावू नका.

पेटीतून काढताना प्रत्येक पिल्लाची चोच कोमट पाण्यात हलकेच बुडवायची, मग खाद्य. पाण्याचं एक लहान भांडं पन्नास पिल्लांना पुरतं; पसरट भांडं असेल तर त्यात गारगोट्या टाकाव्यात, म्हणजे कुणी बुडत नाही. खाद्य चिक स्टार्टरच (लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य) हवं. पहिले एक-दोन दिवस ते तुसावर अंथरलेल्या खडबडीत कागदावरही पसरायचं.

रात्री दहा-वीस पिल्लं उचलून गळ्याखालची अन्नपिशवी चाचपायची. मऊ, भरलेली असेल तर ठीक. टणक लागली तर पाणी कमी पडतंय, रिकामी असेल तर त्या पिल्लाला खाद्य सापडलेलंच नाही. शेपटीखाली विष्ठा चिकटून मार्ग बंद झाला असेल तर कोमट ओल्या कापसाने सोडवायची, कोरडी ओढली तर कातडी फाटते.

भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढलं पाहिजे. रक्ती हगवण त्या ओलीतच बळावते. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस हॅचरीतच (अंडी उबवण्याच्या केंद्रात) दिलेली असते, तशी खात्री आम्ही पिल्लांसोबत लिहून देतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस ५ ते ७ दिवसांत आणि गंबोरो या विषाणूजन्य रोगाची सुमारे १४व्या दिवशी येते, पण नेमकं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकाकडूनच घ्यावं. लसीची बाटली बर्फातूनच आणायची आणि पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात क्लोरीन नको.

गाडी निघण्याआधी आम्ही ब्रूडरमधल्या थर्मामीटरचा फोटो मागवतो. पारा ३३ च्या खाली असला तर पेट्या आमच्याकडेच थांबतात.